वकील व्हायचंय? मग पदवीला कोणता विषय घ्यावा? फॉर्म भरण्याआधी हे वाचा

बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या कॉलेजात फॉर्म भरायला गर्दी होते. त्या गर्दीत दोन-चार पोरं-पोरी अशी असतातच, ज्यांना पुढं वकील व्हायचं असतं. घरात बांधाची नाहीतर वाटणीची केस वर्षानुवर्षं चालू असते, वडील तारखेला जाऊन जाऊन थकलेले असतात, आणि पोरगी ठरवते की आता आपणच काळा कोट घालायचा. मग प्रश्न येतो, साईड कुठली घ्यायची? शेजारी म्हणतात आर्ट्सच पाहिजे, त्यात राज्यशास्त्र असतं. मामा म्हणतात कॉमर्स घे. कुणी तर छातीठोकपणे सांगतं, सायन्सवाल्याला वकिली करताच येत नाही.

हे शेवटचं साफ चूक आहे. तीन वर्षांच्या एलएलबीला कोणत्याही शाखेची पदवी चालते. बीए, बीकॉम, बीएस्सी, बीएस्सी अॅग्री, इंजिनिअरिंग, सगळं चालतं. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांत विषयाची अट नाही. लोकमान्य टिळकांनी 1877 मध्ये बीए केलं ते गणित घेऊन, आणि 1879 मध्ये एलएलबी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची बीए अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्राची. दोघांचे विषय वेगळे, तरी दोघंही कायद्याकडं आले.

विषय कोणी विचारत नाही, पण टक्के विचारतात. एलएलबीसाठी पदवीला खुल्या प्रवर्गाला किमान 45 टक्के लागतात, ओबीसींना 42 आणि एससी, एसटींना 40. गावाकडची पोरं अडतात ती इथं. कुणाच्या तरी सांगण्यावरून फिजिक्स घेतलं, झेपलं नाही, कसंबसं पास होऊन 43 टक्क्यांवर पदवी मिळाली, तर खुल्या प्रवर्गातल्या पोराला तेवढ्यावर एलएलबीचं दार बंद. तोच पोरगा इतिहास घेऊन सहज 60 पर्यंत गेला असता. म्हणून पहिला हिशोब असा करा: कोणत्या विषयात आपण न धडपडता चांगले मार्क काढू शकतो?

मुक्त विद्यापीठाची पदवी चालते का?

हा प्रश्न कामधंदा करून शिकणाऱ्यांसाठी फार महत्त्वाचा आहे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीए करणारे आपल्याकडं गावोगावी आहेत. तुम्ही बारावी रीतसर पास असाल आणि त्यानंतर मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली असेल, तर अडचण नाही. पण दहावी-बारावी न करता पूर्वतयारी परीक्षा देऊन थेट पदवीला प्रवेश घेतला असेल, तर बार कौन्सिलच्या नियमानुसार एलएलबीला प्रवेश मिळत नाही. नोकरीत, बढतीत त्या पदवीचा उपयोग होतो, तो वेगळा विषय. तीन वर्षं घालवून मग हे कळण्यापेक्षा आधी बारावी करून घेतलेली बरी. आणि एलएलबी स्वतः मात्र घरी बसून, पत्राद्वारे होत नाही. तशी पदवी देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका, त्यावर वकिलीची सनद मिळत नाही.

पाच वर्षांचा रस्ता

बारावीनंतर थेट पाच वर्षांचा बीए एलएलबी किंवा बीबीए एलएलबी असाही कोर्स असतो. त्यात वेगळी पदवी घ्यावी लागत नाही आणि एक वर्ष वाचतं. बारावीला टक्क्यांची अट वरच्यासारखीच. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांत जायचं असेल तर क्लॅट ही परीक्षा द्यावी लागते. तिचा पेपर इंग्रजीत असतो. बाकी कॉलेजांसाठी राज्याची सीईटी.

आमचं मत विचाराल तर, पोराचं मन पक्कं असेल आणि शहरात राहण्याचा पाच वर्षांचा खर्च झेपत असेल तर हा रस्ता चांगला. नाहीतर एसटीचा पास काढून तालुक्याच्या कॉलेजात पदवी करा, मग जिल्ह्याच्या ठिकाणी तीन वर्षांची एलएलबी. मधेच वकिलीवरचं मन उडालं तरी हातात पदवी राहते, स्पर्धा परीक्षा देता येते.

मग विषय निवडायचा कसा?

आपल्या कोर्टात कामं कसली येतात ते बघा. वाटणीचे दावे, सातबाऱ्यावरचे फेरफार, तहसीलदार आणि प्रांतांपुढची महसुली प्रकरणं. चेक बाऊन्सच्या 138 च्या केसेस. पतसंस्था आणि सोसायट्यांचे 101 चे वसुली दाखले. अपघाताचे क्लेम, पोटगी, मारामाऱ्या.

बीकॉम केलेल्याला यातली पैशाची प्रकरणं लवकर उलगडतात. खातेउतारा, ताळेबंद, व्याजाचा हिशोब त्याला परका नसतो. पुढं जीएसटीचं कामही करता येतं. आमच्या मते ग्रामीण भागात वकिलीसाठी कॉमर्सला लोक उगाच कमी लेखतात.

बीएला राज्यशास्त्र, अर्थशास्त्र किंवा इतिहास घेतला तर राज्यघटना, शासनव्यवस्था आधीच थोडी ओळखीची होते, आणि लांब उतारे वाचून त्यातला मुद्दा काढायची सवय लागते. एलएलबीत राज्यघटना पुन्हा पहिल्यापासून शिकवतात, त्यामुळं ज्यांनी हे विषय घेतले नाहीत ते फार मागं पडतात असंही नाही.

बीएस्सीवाल्यांसाठी एक खास जागा आहे, पेटंट एजंट. पेटंट कायद्याप्रमाणं ती परीक्षा द्यायला विज्ञान किंवा इंजिनिअरिंग-तंत्रज्ञानाचीच पदवी लागते. बीएस्सी अॅग्री झालेला वकील बियाणं न उगवल्याच्या ग्राहक केसमध्ये पंचनामा नीट वाचू शकतो. असा शेतकरी ग्राहकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्ये नॅशनल सीड्सच्या प्रकरणात स्पष्ट केलंय. पण अॅग्रीची पदवी चार वर्षांची. फक्त वकिलीसाठी ती करणं म्हणजे लांबून वळसा. शेतीची आवड असेल तरच घ्या.

सध्या नव्या धोरणामुळं कॉलेजच्या फॉर्मवर मेजर, मायनर असे शब्द दिसतात. मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडीचा. तीन वर्षांनी बाहेर पडलात तरी पदवी मिळते आणि एलएलबीला ती पुरते. ऑनर्सचं चौथं वर्ष त्यासाठी लागत नाही.

विषय कोणताही असू द्या, इंग्रजी सोडू नका. तीन वर्षांच्या एलएलबीच्या सीईटीत साधारण एक तृतीयांश गुण एकट्या इंग्रजीला आहेत, बाकी सामान्य ज्ञान, तर्कबुद्धी आणि कायद्याचा कल. खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे, पण उच्च न्यायालयात इंग्रजी चालतं आणि वरच्या कोर्टांचे निकाल मुळात इंग्रजीतच असतात. पदवीला ऐच्छिक इंग्रजी घेता आलं तर उत्तम. नाहीच जमलं तर रोज एक पान इंग्रजी पेपर वाचायची सवय पहिल्या वर्षापासून लावा. तीन वर्षांत फरक पडतो.

न्यायाधीश व्हायचं असेल तर वर्षं मोजा

20 मे 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. म्हणजे बारावीनंतर पदवीची तीन, एलएलबीची तीन आणि वकिलीची तीन अशी नऊ वर्षं. पाच वर्षांच्या कोर्सनं आठ. घरच्यांना हा आकडा आधीच सांगून ठेवा, कारण ज्युनिअर वकिलाची सुरुवातीची कमाई फार थोडी असते.

पदवीच्या शेवटच्या वर्षात असतानाच सीईटी देता येते. अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास निघतात, सीईटी सेलच्या वेबसाईटवर लक्ष ठेवा. राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा असेल तर जातीचा दाखला, नॉन क्रीमी लेयर आणि जात वैधता लागते. यातली वैधता सगळ्यात जास्त वेळ खाते. आजोबा-पणजोबांच्या शाळेचे जुने दाखले, कोतवाल बुकाची नक्कल शोधण्यातच महिने जातात. तो अर्ज जिल्हा जात पडताळणी समितीकडं दुसऱ्या वर्षातच टाकून द्या.