वारस नाही म्हणून

आपला वर्ध्याचा मुलूख पूर्वी नागपूरकर भोसल्यांचा होता. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी निपुत्रिक वारले. राजस्त्रियांनी जानोजींना दत्तक म्हणून पुढे केले. गव्हर्नर जनरल डलहौसीने ते मानले नाही. १८५४ साली राज्य खालसा झाले. राजवाड्यातले हत्ती, घोडे, जडजवाहीर लिलावात निघाले. हा मुलूख कापसाचा, आणि विलायती गिरण्यांना कापूस हवा होता, हेही ध्यानात ठेवावे.

हा डलहौसी स्कॉटलंडच्या जुन्या रॅमसे घराण्यातला. एडिंबरोजवळ त्यांचा किल्ला. १६३३ पासून ‘अर्ल’ ही पदवी घराण्यात. १८६० साली तो वारला तेव्हा त्यालाही मुलगा नव्हता. होत्या दोन मुली. १८४९ साली मिळालेली ‘मार्क्विस’ पदवी त्याच्याबरोबर संपली. पण अर्लची पदवी फॉक्स मॉल या चुलत भावाकडे गेली आणि घराणे चालू राहिले. जानोजींना पुढे ‘राजाबहादूर’ म्हटले गेले. राज्य मात्र परत मिळाले नाही.

राजांसाठी मी रडत नाही. रयत दोन्हीकडे राबतच होती. पण मंडळी, कायदा वाचताना तो कोणासाठी वाकतो आणि कोणासाठी ताठ राहतो, एवढे अवश्य पाहावे.