बंद कोशातून वाट कशी सापडते?

भंडाऱ्याहून तुमसरकडे जाताना मोहाडी लागते. या तालुक्यातले आंधळगाव कोशाच्या कापडासाठी प्रसिद्ध आहे. मागांची संख्या आता पूर्वीइतकी राहिलेली नाही, पण कोसा म्हटले की विदर्भात या गावाचे नाव अजून निघते. कापडाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. ज्या कोशातून तो धागा येतो, त्याच्या आत कोंडलेल्या किड्याबद्दल फारसे लिहिले जात नाही. आणि जे लिहिले जाते त्यात एक चूक पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ‘पतंग कोश कुरतडून बाहेर पडतो.’ मीही शाळेत हेच वाक्य लिहून गुण मिळवले होते.

टसरच्या पतंगाला कुरतडायला जबडेच नसतात. पंख फुटल्यावर तो काही खातही नाही. अळी असताना ऐन-अर्जुनाची जी पाने खाल्ली, तीच शिदोरी. कोश तर असा टणक, की बोटांनी दाबून चेपत नाही. मग हा मऊ, ओला, दुबळा जीव बाहेर येतो कसा? दार कुठे आहे हे त्याला कळते कसे?

या प्रश्नाचा इतिहास चांगला दोनशे वर्षांचा आहे. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यांनी बंगालमधील टसर आणि एरंडीच्या रेशीमकिड्यांवर लिहिलेला लेख लंडनच्या लिनियन सोसायटीने १८०४ मध्ये छापला. पतंग तोंडातून पुष्कळसा द्रव सोडतो, त्याने कोशाचे वरचे टोक मऊ पडते आणि मग तो वाट काढतो, ही गोष्ट त्यात स्पष्ट नोंदलेली आहे.  आणि त्यांच्याही आधी टसर पाळणाऱ्यांनी ते पाहिले नसेल, असे मला वाटत नाही. विदर्भात हे काम परंपरेने ढीवर समाज करत आला आहे. त्यांची निरीक्षणे कोणी लिहून ठेवली नाहीत, एवढेच.

द्रवात काय असते, हे कळायला पुढे १६० वर्षे लागली. पण त्याआधी कोश बांधला कसा जातो ते पाहू, कारण बाहेरची वाट बांधतानाच ठरते. टसरची अळी प्रथम रेशमाचा एक देठ तयार करते आणि त्याच्या कड्याने फांदीला घट्ट पकड घेते. पान गळून पडले तरी कोश लटकलेला राहतो. मग ती स्वतःभोवती भिंत उभारते. शेवटी तिचे डोके देठाच्या बाजूला, म्हणजे वर असते. पतंगही त्याच टोकातून निघतो.

या बांधकामाचा आराखडा अळीच्या डोक्यात असतो की जागेत? अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात कॅरोल विल्यम्स आणि विल्यम व्हॅन डर क्लूट यांनी टसरच्या नात्यातल्या सेक्रोपिया पतंगाच्या अळ्यांवर याचा शोध घेतला आणि १९५३ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांची एक युक्ती मला फार आवडते. त्यांनी अळी फुगवलेल्या फुग्यात ठेवली! आत ना फांदी, ना कोपरा. अळीने स्वतःभोवती कोश केलाच नाही. फुग्याच्या आतल्या भिंतीवर रेशमाचे सपाट अस्तर देऊन ती मोकळी झाली. शरीर ताणून वाकवणे आणि डोके डावी-उजवीकडे झुलवणे, अशा दोनच मुख्य हालचाली तिच्याजवळ असतात. त्यांतून कोश होणार की चादर, हे ती ज्या जागेत असते त्या जागेचा आकार ठरवतो.

आता द्रवाकडे. विल्यम्स यांचे विद्यार्थी फोटिस काफाटोस हे मूळचे ग्रीसच्या क्रीट बेटावरचे. या दोघांनी टसरच्या जवळच्या जातींवर काम करून १९६४ मध्ये उत्तर दिले. बाहेर पडण्याच्या काही दिवस आधी पतंगाच्या मुखावयवांवर एक विकर पाझरून वाळते आणि कोरडे चिकटून राहते. वेळ आली की दुसऱ्या ग्रंथीतून पोटॅशियम बायकार्बोनेट असलेला पाण्यासारखा द्रव येतो, विकर त्यात विरघळते आणि कामाला लागते. त्याला कोकूनेज म्हणतात. आपल्या आतड्यातल्या ट्रिप्सिनचे ते भावंड शोभावे असे आहे. रेशमाचा गाभा फायब्रॉइनचा आणि त्यावरचा डिंक सेरिसिनचा. कोकूनेज डिंक पचवते, गाभ्याला हात लावत नाही. धागे सुटे होतात आणि पतंग डोक्याने ते बाजूला सारतो. सेक्रोपियाकडे हे विकर नसते. तिची अळी कोशाच्या एका टोकाला विणच सैल ठेवते.

‘वेळ आली की’ असे मी सहज लिहून गेलो, पण अंधाऱ्या कोशात वेळ कळावी कशी? १९७० मध्ये जेम्स ट्रूमन आणि लिन रिडिफर्ड यांनी कोशस्थ किड्यांचे मेंदू काढले. मेंदू नसलेले पतंग वाटेल त्या वेळी बाहेर आले. मग एका जातीचा मेंदू दुसरीच्या पोटात बसवला. सेक्रोपिया सकाळी बाहेर पडते, चिनी ओक-टसर दिवस कलल्यावर. मेंदू बदलले, तशा वेळाही बदलल्या. कोशातून झिरपणारा अंधूक उजेड मेंदूतल्या घड्याळाला पुरतो.

यात विणकराचेही हित गुंतलेले आहे. कोश फुटला की त्यातून अखंड धागा उकलता येत नाही. त्याचे जाडेभरडे सूत कातावे लागते. म्हणून बियाण्यासाठी राखलेले सोडून बाकीचे कोश आतला जीव मारूनच वापरतात. ज्यांना हे खटकते त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. कोश उकळण्यासाठी सोडा वगैरे रसायने लागतात. त्यांच्याऐवजी पतंगाचेच कोकूनेज वापरता येईल का, हे प्रयोग भारतातही झाले आहेत. टसरच्या स्थानिक वाणांपैकी एकाचे नावच ‘भंडारा’ आहे, तेव्हा या जिल्ह्यातल्या शाळांना असा कोश मिळवणे अवघड नाही. फुटका कोश मिळाला तर त्याच्या भोकाची कड भिंगाखाली धरा आणि विद्यार्थ्यांना कापलेली टोके शोधायला सांगा.