‘नाही’चं बटण

मंडळी, आजचा विषय जरा पोरकट वाटेल, पण बरीच वर्षं डोक्यात घोळतोय. व्हिडिओ गेममध्ये जग वाचवायला ‘नाही’ म्हणता येतं का? आणि म्हटलंच, तर पुढे काय होतं?

सुरुवात 1986 च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’पासून करू. जपानच्या युजी होरींचा हा गेम. आपण एका पात्राच्या भूमिकेत शिरून खेळायचं, या प्रकाराला टीव्हीवर वळण लावलं ते बरंचसं यानेच. शेवटी राजकन्या विचारते, मला बरोबर नेशील ना? समोर होय आणि नाही असे दोन पर्याय. ‘नाही’ निवडलं की ती हिरमुसते आणि तेच पुन्हा विचारते. पुन्हा नाही, पुन्हा तोच प्रश्न. रात्रभर बसलात तरी सुटका नाही! त्याच्या जरा आधी राजा आपलं राज्य देऊ करतो आणि नायक ते परस्पर नाकारतो. खेळणाऱ्याला कोणी विचारतच नाही. म्हणजे अख्ख्या गेममधला खरा नकार कुणाचा, तर त्या मुक्या पुतळ्याचा. आपला नाही.

उलट खलनायक ड्रॅगनलॉर्ड अर्ध्या जगाचं आमिष दाखवतो, तेव्हा आपलं उत्तर मोजलं जातं. ‘होय’ म्हटलं की खेळ खलास. त्या ‘होय’नंतर जगाचं काय झालं, हे सांगणारा ‘ड्रॅगन क्वेस्ट बिल्डर्स’ आला तो 30 वर्षांनी, 2016 मध्ये.

होरींना दोष देण्यात अर्थ नाही म्हणा. सगळा गेम 64 केबीत बसवलेला. मामा-मावश्यांचा ‘शुभ सकाळ’चा एक फोटोही याहून जड असतो. पण पुढे जागा वाढली, तरी ‘नाही’ला ती मिळाली असं दिसत नाही.

2002 च्या ‘मॉरोविंड’मध्ये तुम्ही सुटलेले कैदी. हातात एक पाकीट, ते अमुक गावच्या अमुक माणसाला नेऊन द्यायचं. न देता फुलं गोळा करत हिंडलात तरी चालतं. मला हे फार आवडलं होतं. पण संकटही तुमची वाट पाहत तिथेच थांबून राहतं. म्हणजे हा नकार नव्हे, नुसती रजा. ‘मास इफेक्ट 3’मध्ये 2012 च्या जूनमध्ये मोफत जोडलेल्या भागात समोरचे सगळे पर्याय धुडकावता येऊ लागले. शिक्षा काय? त्या पिढीची सगळी संस्कृती नष्ट. घ्या!

आपल्याकडे बलराम आहे. दोन्ही बाजूंना नातं, म्हणून तो कुणाकडूनच लढला नाही, सरस्वतीकाठच्या तीर्थयात्रेला निघून गेला. युद्ध त्याच्यासाठी थांबलं नाही. आणि महाभारताने त्याला वाऱ्यावरही सोडलं नाही. शल्यपर्वात त्याच्या यात्रेचं एकेका तीर्थानिशी वर्णन आहे. 42 दिवसांनी तो परततो तो थेट भीम-दुर्योधनाच्या गदायुद्धाला. न लढणाऱ्यालाही कथा असते, हे व्यासांना ठाऊक होतं.

मला याचं एवढं का लागून राहिलंय? काही वर्षांपूर्वी आईच्या आजारपणात मी परदेशातली नोकरी नाकारली. निम्म्या लोकांनी त्याला ‘त्याग’ म्हटलं, उरलेल्यांनी ‘हिंमत नाही’. (नातेवाईकही हे वाचतात, तेव्हा कोण कुठल्या गटात ते लिहीत नाही.) मला दोन्ही नावं नको होती. मला फक्त जायचं नव्हतं. सकाळी आईबरोबर चहा प्यायचा होता.

म्हणून 2014 चा ‘फार क्राय 4’ मनात राहिला. तसा हा गोळीबाराचा गेम, आपल्या विषयात ओढूनताणूनच बसणारा. अजय घाले नावाचा मुलगा आईच्या अस्थी घेऊन हिमालयातल्या एका काल्पनिक देशात येतो. तिथला हुकूमशहा त्याला जेवायच्या टेबलाशी बसवतो आणि इथेच थांब म्हणून बाहेर जातो. बहुतेक खेळाडू इथून पळ काढतात, बंडखोरांना मिळतात आणि गेम सुरू होतो. पण खरोखरच थांबलात, तर पाव तास होतो न होतो तोच तो परत येतो, अजयला घेऊन जातो आणि आईच्या अस्थी जागी ठेवू देतो. ज्या कामाला आला होता ते काम झालं. एकही गोळी न झाडता.

आणि लगेच श्रेयनामावली सुरू. मला मात्र तिथून पुढे खेळायचं होतं. परतीची बस, कुलूप लावलेलं घर, दुसऱ्या दिवशीचा चहा.