खोडद रेडिओ दुर्बिणीची संगणक यंत्रणा

खोडद रेडिओ दुर्बिणीची संगणक यंत्रणा म्हणजे पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात खोडद येथे असलेल्या जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप (जीएमआरटी) या दुर्बिणीकडे येणाऱ्या आकाशस्थ रेडिओ लहरींवर प्रक्रिया करणारी व्यवस्था होय. इंग्रजीत तिला 'बॅकएंड' म्हणतात. खास बनावटीच्या चिपा, बाजारात सहज मिळणारे साधे संगणक आणि व्यावसायिक श्रेणीचे सर्व्हर असे तीन पर्याय या यंत्रणेने सुमारे दोन दशकांच्या अवधीत वापरले. घरगुती वापराचे यंत्र पुरेसे आहे की महागडे व्यावसायिक यंत्र घ्यावे, हा एरवी लॅपटॉप घेताना पडणारा प्रश्न येथे एका राष्ट्रीय वेधशाळेच्या पातळीवर सोडवावा लागला.

पार्श्वभूमी

जीएमआरटी ही टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची दुर्बीण आहे. पुण्याच्या उत्तरेस सुमारे ८० किमीवर, नारायणगावच्या पूर्वेला ती उभी आहे. तिची संकल्पना गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांची. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांपैकी १४ अँटेना खोडदजवळच्या सुमारे एक चौरस किलोमीटर क्षेत्रात आहेत. उरलेल्या १६ अँटेना इंग्रजी 'वाय' अक्षराच्या आकारातील तीन भुजांवर पसरल्या असून त्यांतील दक्षिण भुजा आंबेगाव तालुक्याच्या दिशेने जाते. दोन अँटेनांमधील कमाल अंतर सुमारे २५ किमी आहे. मोठ्या शहरांतील रेडिओ गोंगाटापासून डोंगरांमुळे मिळणारा आडोसा, वाऱ्याचा मर्यादित वेग आणि अनुकूल अक्षांश ही जागेच्या निवडीची प्रमुख कारणे होती.

काटकसर या प्रकल्पाच्या रचनेतच होती. अँटेनांचा पृष्ठभाग भरीव पत्र्याचा नाही, ०.५५ मिमी जाडीच्या स्टेनलेस पोलादी तारेची जाळी दोरांच्या आधाराने ताणून तो तयार केलेला आहे. मीटरभर लांबीच्या लहरींना अशी जाळी आरशासारखीच भासते. त्यामुळे वजन, वाऱ्याचा दाब आणि खर्च हे तिन्ही कमी झाले. पुढे संगणक निवडताना हीच वृत्ती दिसते. मात्र तेथे स्वस्त ते सोयीचे असे सरळ समीकरण मांडता आले नाही.

गणनेचे स्वरूप

प्रत्येक अँटेनाकडून परस्परलंब ध्रुवीकरणांचे दोन संकेत प्रकाशतंतूंमधून मध्यवर्ती इमारतीत येतात, म्हणजे एकूण ६०. लहर प्रत्येक अँटेनापाशी किंचित वेगळ्या क्षणी पोहोचते, म्हणून आधी हा विलंब भरून काढावा लागतो. नंतर प्रत्येक संकेताचे वारंवारतांमध्ये पृथक्करण करून प्रत्येक अँटेनाची इतर प्रत्येक अँटेनाशी जोडी लावली जाते. तीस अँटेनांच्या अशा ४३५ जोड्या होतात. जोडीतील संकेतांचा गुणाकार करून सरासरी काढणाऱ्या यंत्राला सहसंबंधक म्हणतात. याच सरासऱ्यांमधून पुढे आकाशाचे चित्र तयार होते.

३३ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा अंकित करायचा तर प्रत्येक संकेताचे सेकंदाला किमान ६.६ कोटी नमुने घ्यावे लागतात. साठ संकेतांचे मिळून ते जवळजवळ ४०० कोटी होतात. निरीक्षण तासन्‌तास चालते आणि नमुने येतच राहतात. यंत्र क्षणभर मागे पडले तर तेवढा विदा कायमचा गमावला जातो. घरातला संगणक अडखळला तर माणूस वाट पाहतो. येथे वाट पाहण्याची सोयच नाही.

पहिली यंत्रणा

दुर्बीण सुरू झाली तेव्हा, १९९० च्या दशकात, हे काम सामान्य संगणकांच्या आवाक्यात नव्हते. त्यामुळे मूळ सहसंबंधक खास बनावटीच्या इलेक्ट्रॉनिक मंडलांचा होता आणि त्याची एकूण पट्टरुंदी ३२ मेगाहर्ट्झ होती. अशी यंत्रणा वेगवान असली तरी तिचे वर्तन तारांत आणि चिपांत कायमचे कोरलेले असते. वारंवारतेचे किंवा काळाचे विभाजन बदलायचे, बाहेरचा रेडिओ गोंगाट गाळण्याची नवी रीत वापरून पाहायची, तर प्रत्यक्ष मंडलांनाच हात घालावा लागतो. शिवाय वापरलेली चिप बाजारातून गेली की दुरुस्ती अवघड होत जाते.

साध्या संगणकांचा समूह

या अडचणीवर उपाय म्हणून जीएमआरटी सॉफ्टवेअर बॅकएंड (जीएसबी) उभारण्यात आला. त्याचे सविस्तर वर्णन करणारा जयंता रॉय, यशवंत गुप्ता, उए-ली पेन, जेफ्री पीटरसन, संजय कुदळे आणि जितेंद्र कोडिलकर यांचा शोधनिबंध २०१० साली प्रसिद्ध झाला. पेन तेव्हा टोरोंटो येथील सैद्धांतिक खगोलभौतिकी संस्थेचे, तर पीटरसन अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाचे होते. विश्वातील पहिल्या ताऱ्यांनी हायड्रोजनचे पुनर्आयनीभवन केले त्या काळाचा वेध घेण्यात या दोघांना रस होता आणि त्या निरीक्षणांसाठी लवचीक यंत्रणा हवी होती.

जीएसबीमध्ये केवळ बाजारात मिळणारे तयार घटक वापरले गेले: संगणकाच्या खाचेत बसणारी अंकीकरण कार्डे, लिनक्स प्रणालीवर चालणारे ४८ संगणक आणि त्यांना जोडणारे दुहेरी गिगाबिट जाळे. गणनेसाठी एकही चिप मुद्दाम घडवलेली नव्हती. खरे कौशल्य आज्ञावलीत होते. प्रक्रियकाजवळच्या लहानशा जलद स्मृतीतच काम उरकेल अशी विद्याची मांडणी, एकाच वेळी अनेक धाग्यांत विभागलेली गणना आणि एका आज्ञेत अनेक संख्या हाताळणाऱ्या सदिश प्रक्रिया यांच्या जोरावर साध्या यंत्रांकडून प्रत्यक्ष वेळेत काम करून घेण्यात आले. मध्यम आकाराच्या दुर्बीण-समूहासाठी वेधशाळेत नित्य वापरता येईल अशी ही बहुधा पहिलीच यंत्रणा असावी, असे कर्त्यांनी नमूद केले आहे. कच्चे नमुने साठवून ठेवून नंतर सावकाश वेगळ्या रीतीने तपासण्याची मुभाही तिने दिली.

व्यावसायिक श्रेणीकडे

पुढे दुर्बिणीचे अद्ययावतीकरण हाती घेण्यात आले आणि पट्टरुंदी ४०० मेगाहर्ट्झपर्यंत वाढवण्याचे ठरले. त्यामुळे नमुन्यांची संख्या सेकंदाला सुमारे ४,८०० कोटींवर गेली, म्हणजे बारा पटींनी वाढली. निव्वळ संगणकांची संख्या बारा पट करणे वीज, उष्णता आणि जागा या तिन्ही दृष्टींनी परवडणारे नव्हते. नव्या वाइडबँड बॅकएंडमध्ये म्हणून संमिश्र रचना आली. अंकीकरण आणि विद्याची पाकिटे बांधणे ही कामे एफपीजीए चिपा करतात. या चिपांची अंतर्गत जोडणी वापरणाऱ्याला नंतरही बदलता येते. त्यासाठी कॅस्पर या आंतरराष्ट्रीय गटाने विकसित केलेले 'रोच' फलक वापरले गेले. पुढची गणना सर्व्हरांत बसवलेली, एनव्हिडियाच्या टेस्ला श्रेणीतील ग्राफिक कार्डे करतात.

येथे श्रेणीचा प्रश्न नेमका उभा राहतो. त्या काळातील जीफोर्स जीटीएक्स ७८० टीआय हे खेळांसाठीचे कार्ड आणि टेस्ला के४० हे व्यावसायिक कार्ड एकाच चिप घराण्यातील असून दोहोंत २,८८० गणनघटक होते. किमतीत मात्र मोठी तफावत होती. जादा पैशांत मिळत होती ती ३ ऐवजी १२ गिगाबाइट स्मृती, स्मृतीतील चुकलेला अंक आपोआप दुरुस्त करणारी व्यवस्था आणि अहोरात्र भार सोसण्याची हमी. दुहेरी अचूकतेची गणनाही टेस्लावर कितीतरी वेगाने होई. पण सहसंबंधकाला तिची फारशी गरज नसते, कारण मूळ नमुनेच मोजक्या बिटांचे असतात. म्हणजे व्यावसायिक कार्डाचा जाहिरातीत अग्रभागी असलेला गुण येथे जवळजवळ निरुपयोगी, तर स्मृती आणि टिकाऊपणा हे मागच्या रांगेतले गुण मोलाचे ठरतात.

लॅपटॉपच्या बाबतीतही हेच घडते. थिंकपॅड, एलिटबुक यांसारख्या व्यावसायिक मालिका आणि आयडियापॅडसारख्या घरगुती मालिका यांतील प्रक्रियक पुष्कळदा सारख्याच दर्जाचे असतात. फरक असतो तो सांगाड्यात, कळफलकात, सुटे भाग मिळत राहण्याच्या मुदतीत आणि दुरुस्ती करणारा माणूस घरी येतो की यंत्र सेवा केंद्रात न्यावे लागते यात. नारायणगाव, मंचर किंवा घोडेगाव येथील ग्राहकाच्या दृष्टीने शेवटचा मुद्दा प्रक्रियकाच्या वेगापेक्षा महत्त्वाचा असू शकतो. चुकीचा अंक स्वतः दुरुस्त करणारी स्मृती मात्र २०१५ साली थिंकपॅड पी५० व पी७० यांसारख्या मोजक्या, भारी लॅपटॉपमध्ये आली. घरगुती लॅपटॉपमध्ये ती सहसा नसते.

रेडिओ गोंगाट

प्रत्येक संगणक स्वतः रेडिओ लहरी फेकतो. त्याविषयीच्या सिस्पर ३२ या आंतरराष्ट्रीय मानकात उपकरणांचे दोन वर्ग आहेत. निवासी वापराच्या 'ब' वर्गाची मर्यादा कार्यालयीन व औद्योगिक 'अ' वर्गापेक्षा १० डेसिबलने कमी, म्हणजे शक्तीच्या हिशेबात एक दशांश आहे. कारण घरात शेजारीच रेडिओ आणि दूरचित्रवाणी संच असतात. व्यावसायिक म्हणजे प्रत्येक बाबतीत सरस, या समजाला हा ठळक अपवाद होय. व्यावसायिक श्रेणीचे बहुतेक लॅपटॉपही 'ब' वर्गातच मोडतात. 'अ' वर्ग प्रामुख्याने सर्व्हरांचा.

दुर्बिणीला दोन्ही वर्ग सारखेच त्रासदायक आहेत. आकाशातील स्रोतांची तीव्रता जान्स्की या एककात मोजतात. एक जान्स्की म्हणजे प्रति चौरस मीटर, प्रति हर्ट्झ एक वॅटचा १०²⁶ वा भाग. त्याच्याही हजाराव्या भागाचे स्रोत पाहायचे असताना जवळचा संगणक सूर्यासारखा तळपतो. म्हणून वेधशाळेत लहरी बाहेर न झिरपू देणारे धातूचे आवरण अत्यावश्यक ठरते आणि आवारात भ्रमणध्वनी बंद ठेवण्यास सांगितले जाते.

उपयोग

वाइडबँड बॅकएंड आल्यानंतरही जीएसबी त्याच्या जोडीने वापरात राहिला आणि एकाच निरीक्षणाची दोन्ही यंत्रणांवर नोंद घेता येऊ लागली. अद्ययावत दुर्बिणीच्या साहाय्याने अपूर्व चौधुरी, निस्सीम काणेकर व सहकाऱ्यांनी सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधील अणुरूप हायड्रोजनचे मापन केले. ते २०२० साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीय पल्सार कालमापन गटाने याच यंत्रणेवर घेतलेल्या नोंदी युरोपीय गटाच्या नोंदींबरोबर वापरण्यात आल्या. अतिमंद कंप्रतेच्या गुरुत्वीय लहरींच्या पार्श्वनादाचा त्यांत आढळलेला पुरावा २९ जून २०२३ रोजी जाहीर झाला.