ब्रह्मगिरीची फेरी आणि हरवलेला मुलगा

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला लोटणारी गर्दी प्रसिद्धच आहे. कुशावर्तात स्नान करून माणसे रात्रीच निघतात. फेरी सुमारे २० किलोमीटरची, तीही डोंगरपायथ्याच्या पावसाळी वाटेने. त्यात लेकुरवाळी कुटुंबेही असतात.

याच फेरीत ज्ञानदेवांच्या घराण्याच्या इतिहासाला कलाटणी मिळाली, असे परंपरा सांगते. संन्यास सोडून पुन्हा संसारात आलेल्या विठ्ठलपंतांना आळंदीच्या ब्रह्मवृंदाने वाळीत टाकले होते. मुलांच्या मुंजीचा प्रश्न होता. अनुष्ठानासाठी ते बायकामुलांसह त्र्यंबकेश्वरी आले आणि रोज मध्यरात्री ब्रह्मगिरीची फेरी घालू लागले. एका रात्री वाघ आडवा आला. सगळे पळाले, आणि धावपळीत थोरला निवृत्ती चुकला.

इथे कथा निवृत्तीबरोबर गुहेत शिरते. तिथे गहिनीनाथ भेटतात, अनुग्रह होतो, आणि ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायातली आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती ही परंपरा सिद्ध होते. कीर्तनकार इथेच रंगतात. माझे मन मात्र वाटेवर उरलेल्या पाच जणांपाशी घोटाळते.

मुलांची वये पाहा. प्रचलित गणनेप्रमाणे निवृत्तिनाथ १२७३ चे, ज्ञानदेव १२७५ चे, सोपान १२७७ चे आणि मुक्ताई १२७९ ची. दुसऱ्या मतानुसार निवृत्तींचा जन्म शके ११९० चा आणि मुक्ताईचा शके ११९९ चा. म्हणजे थोरल्या-धाकट्यांत सहा ते नऊ वर्षांचे अंतर. मुक्ताई चालत होती की रुक्मिणीबाईंच्या कडेवर होती, याची नोंद ठेवायला कुणालाच सुचले नाही! वाघापुढून पळताना आईबापांनी हाताशी आली ती लहान मुले उचलली असणार. मोठा आपल्या पायांनी पळेल, असा हिशेब अशा वेळी मनात आपोआप होतो. चुकला तो नेमका मोठाच.

यात किती इतिहास आणि किती श्रद्धा, हे वेगळे काढणे कठीण. पण वाघ हे काही अलंकरण नव्हे. देवगिरीच्या रामचंद्र यादवाच्या त्या काळात (१२७१ ते १३११) त्या डोंगरांत दाट रान होते. आज दिसते ते त्र्यंबकेश्वराचे देऊळही त्यांनी पाहिले नाही. ते अठराव्या शतकातले, नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलेले.

निवृत्ती परतला. पुढे आईबापांनीच प्रायश्चित्त म्हणून प्रयागला देह ठेवला, असे सांगतात. मुले मागे उरली. १२९६ मध्ये आळंदीला ज्ञानदेव गेले, मग सासवडला सोपान, १२९७ मध्ये तापीकाठी मुक्ताई. सगळ्यांना निरोप देऊन थोरला एकटाच त्र्यंबकेश्वरी आला, आणि त्याच वर्षी ज्येष्ठात त्याने समाधी घेतली. पौष वद्य एकादशीला तिथे यात्रा भरते. समाधी आहे ती ब्रह्मगिरीच्या पायथ्याशीच.