स्वेच्छेचे व्यासपीठ

संगणकाचा इतिहास बहुधा यंत्रांचा आणि कंपन्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. ज्यांनी मानधनाची अपेक्षा न ठेवता चार लोकांपुढे उभे राहून आपल्याला उमगले ते सांगितले, त्यांच्या वाट्याला त्यात तळटीपच येते. हा क्रम उलटा लावून पाहावा, असे आम्हांला वाटते.

५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये तीसएक हौशी मंडळी जमली. फ्रेंच आणि फ्रेड मूर यांनी बोलावलेल्या या बैठकीतून ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ उभा राहिला. निमित्त होते ‘अल्टेअर ८८००’ या घरी जोडायच्या संगणकाचे. त्याला ना कळफलक, ना पडदा. दर्शनी भागावर खटके आणि दिवे, एवढेच. पुढच्याच महिन्यात स्टीव्ह डॉम्पिअर यांनी आपला अल्टेअर बैठकीत आणला, शेजारी साधा रेडिओ ठेवला आणि खटके वरखाली करीत एकेक आज्ञा यंत्रात भरली. यंत्रामुळे रेडिओत होणारी खरखर त्यांनी सुरांत बसवली होती. बीटल्सचे एक गाणे ऐकू आले आणि सभा टाळ्यांनी दणाणली. डॉम्पिअर या यंत्राचे प्राध्यापक नव्हते. इतरांच्या चार पावले पुढे गेलेले वापरकर्ते होते.

पुढे सभेचे संचालन ली फेल्सनस्टाइन करू लागले. आधी ज्याने त्याने उठून आपल्याजवळ काय आहे आणि आपले कोठे अडले आहे ते सांगायचे, मग मोकळ्या गप्पा, अशी रीत पडली. याच सभांतून स्टीव्ह वॉझ्निअ‍ॅक यांनी ‘अ‍ॅपल-१’चे आराखडे विनामूल्य वाटले.

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. अल्टेअरसाठी बिल गेट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलेल्या ‘बेसिक’च्या प्रती याच क्लबात फुकट फिरल्या. ३ फेब्रुवारी १९७६ च्या खुल्या पत्रात गेट्स यांनी हौशी मंडळींना, व्यावसायिक दर्जाचे काम फुकट करणे कोणाला परवडेल, असे खडसावले. वॉझ्निअ‍ॅक यांनी वाटले ते स्वतःचे होते. त्या प्रती दुसऱ्याच्या श्रमाच्या होत्या. स्वेच्छा देणाऱ्याची असावी लागते, घेणाऱ्याची नव्हे. मात्र गेट्स यांच्या मालाला जाणते गिऱ्हाईक लाभले तेही, आमच्या मते, अशाच बिनमोल संध्याकाळींमुळे. हा हिशेब त्यांच्या पत्रात नाही.

१९७७ मध्ये जोनाथन रोटेनबर्ग या १३ वर्षांच्या मुलाने बॉस्टन कॉम्प्युटर सोसायटी स्थापन केली. जानेवारी १९८४ मध्ये तिच्या मंचावर स्टीव्ह जॉब्स ‘मॅकिंटॉश’ घेऊन आले, तेव्हा वक्ता हाच विक्रेताही होता. होमब्रू १९८६ मध्ये थांबला. बॉस्टनची संस्था १९९६ मध्ये विसर्जित झाली.

कालपर्यंत श्रोत्यांत बसलेला माणूस आज समोर उभा राहून बोलतो, हे त्या सभांचे खरे बळ होते. वेतन घेऊन शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांच्या वर्गात असा माणूस क्वचितच घडतो. ही उणीव आम्हांला त्या इतिहासाने दाखवली.