आजीच्या साडीचा ड्रेस शिवताय? कात्री लावण्याआधी हे तपासा

जुन्या साडीचा अनारकली, वडिलांच्या शर्टाचा टॉप, थ्रिफ्ट पेजवरून घेतलेल्या ढगळ जॅकेटचं फिटिंग... असे रील्स सध्या सगळीकडे दिसतात. तीस सेकंदांत साडी जाते आणि ड्रेस येतो. पण त्या ड्रेसची शिवण दुसऱ्यांदा घालताना उसवली का, हे रीलमध्ये दिसत नाही. एकदा कापलेली साडी पुन्हा साडी होत नाही, म्हणून आधी थोडं थांबा.

तसं हे आपल्याकडे नवीन नाही. नऊवारी विरली की तिची गोधडी व्हायची, उरलेलं बोहारीण भांड्यांच्या बदल्यात न्यायची. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये कपडे कुपनवर मिळू लागले, तेव्हा तिथल्या सरकारने 1943 मध्ये 'मेक डू अँड मेंड' ही पुस्तिकाच काढली होती. फरक इतकाच, की तेव्हा गरज होती आणि आता हौस आहे.

कापडात जीव आहे का?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. रेशीम ऊन, घाम आणि वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवल्याने कमजोर होतं. वरून साडी झकास दिसते, पण घडीच्या रेषेवर धागे मोडलेले असतात.

साडी उलगडून खिडकीसमोर धरा. बारीक भोकं, चिरा, विरळ पट्टे लगेच दिसतात. मग घडीच्या रेषेवर कापड दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच ताणा. 'चर्र' असा आवाज आला किंवा धागे सरकले, तर त्या कापडाचा अंगाला घट्ट बसणारा कपडा शिवू नका. काखेत आणि पाठीवर तो पहिल्याच दिवशी फाटेल. अशा साडीचे चांगले भाग निवडून पोटली, उशीचा अभ्रा किंवा भिंतीवरची फ्रेम करता येते. आमच्या घरी ही परीक्षा न करता एका जांभळ्या साडीचा कुर्ता शिवला होता. तो लग्नाच्या पंगतीत, वाढायला वाकताना, पाठीवर उभा फाटला.

ओला पांढरा रुमाल आतल्या टोकावर दाबून रंग जातो का, तेही बघा. फॉल काढला की खालचं कापड गडद निघतं. ते उरलेल्या साडीशी जुळणार नाही, हे शिंप्याला आधीच दाखवा.

जर खरी आहे का?

खऱ्या जरीत चांदीची तार रेशमाच्या किंवा सुताच्या धाग्यावर गुंडाळलेली असते आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा असतो. अशी जर काळवंडते, कारण हवेतल्या गंधकाशी चांदीची प्रक्रिया होते. 'टेस्टेड' जरीत तांब्याची तार असते, ती घासली की लालसर दिसते. प्लॅस्टिकची जर जाळली तर वितळून गोळा होतो. 'जुन्या जरीच्या साड्या' अशी आरोळी देत फिरणारे लोक साडी घेतात ते त्या चांदीसाठीच. तेव्हा खऱ्या जरीचा काठ कापून फेकून देऊ नका.

कापड किती पुरतं?

पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर भरते. सरळ कुर्त्याला अडीच मीटर धरले, तर पदराच्या बाजूने सव्वादोन मीटरची ओढणी निघते आणि पाऊण मीटर उरतं. मोठ्या घेराच्या अनारकलीला मात्र जवळजवळ सगळी साडी जाते. पैठणी असेल तर पदर मधून कापू नका. त्याची सलग ओढणीच शोभते.

आणि साडी आईची किंवा आजीची असेल तर कात्री न लावण्याचा पर्यायही आहे. कमरेला चुण्या घालून, नाडा ओवून घेरदार घागरा होतो. टाके उसवले की साडी पुन्हा तयार. माझं मत विचाराल तर पैठणीसाठी हाच मार्ग बरा.

शिंप्याला काय सांगायचं?

आत मऊ सुती अस्तर लावायला सांगा, ते आधी पाण्यातून काढलेलं हवं. नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं आणि कपडा आखडतो. मशीनला 9 किंवा 11 नंबरची नवी सुई हवी, बोथट सुईने रेशमाचे धागे ओढले जातात. फिटिंग सैल ठेवा आणि दोन्ही बाजूंना दाब ठेवायला सांगा. आपल्याकडचे शिंपी ब्लाउजला आत दोन-तीन टिपा मारून देतात ते याचसाठी. पण जुन्या रेशमात टीप उसवली की सुईची भोकं राहतात, म्हणून आधी हातानेच कच्चा टाका घालून अंगावर बघा.

तयार कपडा थ्रिफ्टमधून घेत असाल तर आधी खांदा बघा. कंबर, बाही, उंची कमी करणं सोपं, पण खांदा उतरलेला असेल तर बाह्या काढून पुन्हा बसवाव्या लागतात आणि त्याची शिलाई कपड्याच्या किमतीहून जास्त होऊ शकते. काखेतले पिवळे डाग सहसा जात नाहीत.

शेवटी शिंप्याकडून उरलेले तुकडे मागून घ्या, अगदी चिंध्यासुद्धा. पुढे कुठे रफू किंवा ठिगळ लावायची वेळ आली, तर त्याच रंगाचं जुनं रेशीम बाजारात मिळणार नाही.